जीएसएमचा आकडा बाजूला ठेवून: डिटेलिंगच्या टॉवेलांची पारख

गाडीच्या डिटेलिंगला, म्हणजे बारकाईने धुण्या-पुसण्याला आणि पॉलिशला, लागणाऱ्या मायक्रोफायबर टॉवेलाच्या पाकिटावर जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, त्यावरून टॉवेलाबद्दल फार थोडं कळतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. तंतू कसा आहे, वीण कुठली आहे, काठ शिवलाय की कापलाय, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. ५०० जीएसएमचे दोन टॉवेल शेजारी ठेवले, तर एक आखूड आणि दाट लवेचा निघेल, दुसरा लांब आणि विरळ. पहिला पॉलिशचा थर स्वच्छ उचलतो. दुसरा तोच थर पसरवत बसतो. तरीही खरेदी बहुतेक वेळा ‘जितका जाड तितका चांगला’ याच हिशेबाने होते आणि मग १२०० जीएसएमच्या गोधडीने रंगावरचं संरक्षक कोटिंग पुसायचा प्रयत्न होतो.

म्हणून इथे टॉवेल जाडीप्रमाणे नाही, कामाप्रमाणे पाहिले आहेत.

आकडा बाजूला ठेवायचा, पण आधी तो खरा आहे का हे बघून. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ४० बाय ४० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे ०.१६ चौरस मीटर. त्यावर ३५० जीएसएम लिहिलं असेल तर वजन ५६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, ५०० लिहिलं असेल तर ८० ग्रॅम. ५०० म्हणून घेतलेला टॉवेल ५२ ग्रॅम भरला तर तो प्रत्यक्षात ३२५ चा आहे, सरळ भागाकार आहे. काठाची पट्टी आणि दोरा यांचे दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे धरा. टॉवेलाची लांबी-रुंदीही मोजून घ्या. चाळीसचा म्हणून विकलेला टॉवेल अडतीसचा निघणं काही नवलाचं नाही आणि पहिल्या धुण्यात तो आणखी थोडा आटतो.

ओरखडे नक्की कशाने पडतात?

कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. स्वच्छ मायक्रोफायबरचा तंतू त्याला सहसा काही करत नाही. ओरखडे काढते ती धूळ. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, मोहस मापात त्याचा कठीणपणा ७. क्लिअर कोट त्याच्यापुढे मेणासारखा. टॉवेलाला लव असते ती याचसाठी, की कण लवेच्या मुळाशी जाऊन बसावा आणि रंग व टॉवेल यांच्यामध्ये दाबला जाऊ नये. लव आखूड तितकी कणाला लपायला जागा कमी, म्हणून सपाट विणीचा टॉवेल धुळीच्या बोनेटवर फिरवायचा नसतो. शॅमॉय कातडं आणि पीव्हीएचं पिवळं फडकं रंगावर नको म्हणतात त्याचं कारणही हेच. त्यांना लवच नाही. दारांच्या खाचा आणि काचा टिपायला ती दोन्ही उत्तम, पण रंगावर एक कण सापडला की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फरपटत जातो.

ओरखड्यांचं दुसरं कारण टॉवेलाच्या अंगावरच असतं: काठाचा दोरा, शिवलेली पट्टी आणि वाळून कडक झालेलं जुनं कोटिंग. धुण्याच्या सूचनांची शिवलेली नायलॉनची चिठ्ठी असेल तर ती कापू नका, टाके उसवून काढा. कापल्यावर शिवणीत जो अर्धा सेंटिमीटरचा खुंट उरतो तो चिठ्ठीपेक्षा वाईट. चांगले उत्पादक आता कागदी स्टिकर लावतात किंवा ओढून निघणारी चिठ्ठी देतात.

काठाचे प्रकार चार. ओव्हरलॉक शिलाई सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ, पण दोरा साधा पॉलिस्टर असेल तर तोच टॉवेलाचा सगळ्यात कडक भाग. साटिनच्या पट्टीचा काठ हाताला मऊ लागतो, मात्र पट्टी पाणी शोषत नाही आणि तिच्या आतली शिवण धुऊन धुऊन चुरगळली की कडा ताठ होते. मायक्रोफायबरचीच पट्टी लावलेला काठ त्याहून बरा. आणि चौथा बिनकाठाचा, अल्ट्रासॉनिक यंत्राने कापलेला. रंगावर फिरणाऱ्या टॉवेलाला हाच घ्यावा. त्याची एक खोड आहे: पहिली दोन धुणी होईपर्यंत कापलेल्या कडेतून बारीक तंतू गळतात. काळ्या गाडीवर पांढरी फुसफुस दिसली की लोक टॉवेल खराब म्हणून परत करतात, प्रत्यक्षात तो फक्त धुतलेला नसतो.

८०/२०, ७०/३० आणि ‘स्प्लिट’

पाकिटावरच्या या जोडआकड्यात पहिला पॉलिस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा म्हणजे नायलॉनचा. पॉलिस्टर घासतो आणि आकार धरून ठेवतो, पॉलिअमाइड पाणी ओढतो आणि स्पर्शाला मऊपणा देतो. मायक्रोफायबर म्हणायचं तर तंतू एक डेनियरहून बारीक हवा, म्हणजे ९००० मीटर लांबीचं वजन एक ग्रॅमहूनही कमी. पण नुसतं बारीक असून भागत नाही. चांगल्या कापडात दोन्ही प्लास्टिकचा मिळून झालेला तंतू प्रक्रियेत उभा चिरलेला असतो. संत्र्याच्या फोडींसारखे त्याचे तुकडे सुटतात आणि त्या फोडींच्या फटीत पाणी, धूळ, मेण अडकतं. न चिरलेला तंतू गोल आणि गुळगुळीत राहतो, त्यामुळे तो पाणी पुसतो कमी, ढकलतो जास्त.

चिरलेला आहे की नाही हे कळायला कोरड्या तळहातावरून टॉवेल हलकेच ओढा. त्वचेच्या बारीक भेगांना तो चिकटल्यासारखा, जरा नकोसा लागला तर तंतू चिरलेला आहे. रेशमासारखा सरकला तर बहुधा नाही. ही परीक्षा मात्र एक धुणं झाल्यावरच. नव्या टॉवेलावर कारखान्यातला मऊपणाचा हात दिलेला असतो, तो पाणीही शोषू देत नाही आणि स्पर्शही फसवा करतो. नवा टॉवेल पाण्यावर तरंगतो म्हणून त्याला लगेच नावं ठेवू नका.

७०/३० महाग असतो. तो घ्यायचाच तर शेवटचा हात फिरवायच्या टॉवेलांसाठी घ्या. द रॅग कंपनीचा ईगल एजलेस ५०० हा या जातीचा नमुना म्हणून बघता येईल: ७०/३० मिश्रण, बिनकाठ, साधारण ४० सेंटिमीटर चौरस. वॅक्सचा किंवा क्विक डिटेलरचा (झटपट चमक देणाऱ्या फवाऱ्याचा) शेवटचा हात यावर सोपवावा. चाकं, दारांच्या खाचा, डॅशबोर्ड यांना ८०/२० भरपूर झाला. तिथे ७०/३० वापरणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पाणी टिपायचा टॉवेल

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि फसवणूकही इथेच जास्त. स्पर्धा तीन विणींची आहे: वॅफल, लांब लवेचा प्लश आणि ट्विस्ट लूप.

वॅफल म्हणजे चौकोनी खळग्यांची वीण. मेग्वायर्सचा वॉटर मॅग्नेट या प्रकारातला, सुमारे ५५ बाय ७६ सेंटिमीटर. पातळ, हलका, चटकन पिळला जाणारा, चटकन वाळणारा. घासत न्यायचा नाही, पसरायचा, थापटायचा आणि उचलायचा. किंचित ओला करून पिळून घेतला तर पहिल्याच स्पर्शाला पाणी धरतो. कोरडा ठणठणीत वॅफल सुरुवातीला पाणी पुढे ढकलतो. गाडीचं धुणं उत्तम झालेलं असेल तर वॅफल आजही चालतो, पण त्याची लव एवढी आखूड की धुण्यात राहिलेल्या कणाला तो क्षमा करत नाही.

प्लश मऊ आहे, सुरक्षित आहे, पण भिजला की लव एकमेकीला चिकटते आणि दुसरं दार पुसेपर्यंत तो ओला बोळा होतो. संपूर्ण गाडीला एक प्लश पुरत नाही. तीन-चार लागतात.

ट्विस्ट लूपमध्ये धाग्याच्या पीळ दिलेल्या वेटोळ्या उभ्या असतात. पाणी पिळांच्या मधल्या फटींतून आत खेचलं जातं. ग्यॉनचा सिल्क ड्रायर ही याच विणीची ओळखीची वस्तू. मोठं बोनेट दोन ओढींत कोरडं होतं आणि टॉवेल रंगावर दाबावाही लागत नाही. आमच्या मते रंगावरचं पाणी टिपायला आज हीच वीण सगळ्यात पुढे आहे.

पण आकार आणि जाडी निवडताना डोकं शांत ठेवा. ६० बाय ९० सेंटिमीटरचा १२०० जीएसएमचा टॉवेल कोरडाच ६४८ ग्रॅम भरतो. पाकिटावर ‘स्वतःच्या वजनाच्या सातपट पाणी’ असं काही लिहिलेलं असेल आणि ते खरं धरलं, तर भरलेला टॉवेल पाच किलोच्या वर गेला. ते ओझं छतावरून ओढताना त्याचा लोंबता अर्धा भाग दाराच्या खालच्या, हमखास कमी धुतल्या गेलेल्या भागावर आपटतो, आणि ओरखडे तिथेच दिसतात. शिवाय असा टॉवेल हाताने पिळून निघत नाही, यंत्रातून काढल्यावर दिवसभर ओलसर राहतो, आणि तसाच घडी करून ठेवला की कुबट वास धरतो. ५० बाय ८० चा ६०० ते ८०० जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी वेटोळ्या असलेला ट्विस्ट लूप छोट्या आणि मध्यम गाडीला पुरेसा. मोठ्या एसयूव्हीला तसलेच दोन घ्या, एक दुप्पट नको.

टॉवेलाचं काम कमी करायचं असेल तर शेवटचं पाणी जोराने मारू नका. नळीचं तोंड काढून पाणी छतावरून सावकाश सोडलं की ते चादरीसारखं सरकत जातं आणि थेंब मागे फारच थोडे राहतात. मग टॉवेलाची दोन टोकं धरून तो छतावर पसरायचा आणि स्वतःकडे संथ ओढायचा. हाताचा भार द्यायचा नाही, टॉवेलाचं स्वतःचं वजन पुरे. वरून खाली हा क्रम मोडायचा नाही: छत, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग. दारांचा खालचा पट्टा आणि बंपरचा तळ यांना वेगळा लहान टॉवेल. आरशांच्या सांध्यातून, दारांच्या हँडलमागून आणि इंधनाच्या झाकणातून पाच मिनिटांनी पुन्हा पाणी ओघळतं. त्यासाठी एक चाळीसचा टॉवेल खांद्यावर असू द्या. ओढताना टॉवेल अडखळत असेल तर पॅनेलवर ड्राइंग एडचे, म्हणजे पाणी टिपताना वापरायच्या निसरड्या द्रावणाचे, एक-दोन फवारे मारले की घर्षण कमी होतं.

ट्विस्ट लूपचा शत्रू म्हणजे अडकणं. नंबरप्लेटचा स्क्रू, कंपनीच्या बोधचिन्हाची टोकदार कड, मोडलेलं नख, यातलं काहीही वेटोळं बाहेर ओढतं. निघालेलं वेटोळं ओढू नका, मुळाशी कात्रीने कापा.

पॉलिश आणि वॅक्स उतरवताना

इथे थर उचलायला लांब लव उपयोगाची नाही. पॉलिश पॅडने फिरवून झाल्यावर रंगावर जो तेलकट, किंचित पिठूळ थर उरतो, त्याला आखूड आणि दाट लव लागते. ३०० ते ४०० जीएसएम, बिनकाठ, ४० बाय ४०. दोनदा घडी घातली की २० बाय २० ची आठ तोंडं मिळतात. घडी नसलेला टॉवेल मुठीत गोळा करून फिरवला तर दाब बोटांच्या टोकांवर येतो आणि चार बोटांच्या चार रेघा काळ्या रंगावर उमटतात.

एका तोंडाने अर्धं पॅनेल, मग पान उलटावं तसं पुढचं तोंड. थर उतरायचा थांबून नुसता फिरायला लागला, धुरकट पट्टा टॉवेलाच्या मागे मागे यायला लागला, की ते तोंड भरलं. लोक इथेच जोर वाढवतात. जोर वाढवून थर निघत नाही, नव्याने चरे पडतात, आणि पुन्हा पॉलिश करायची वेळ येते. कटिंग कंपाउंडच्या (चरे काढणाऱ्या खरखरीत पॉलिशच्या) कामात एका मध्यम गाडीला आठ ते दहा टॉवेल सहज जातात. म्हणूनच महागडे तीन घेण्याऐवजी मध्यम प्रतीचे डझनभर घेणं शहाणपणाचं.

वॅक्सला दोन टॉवेल: आखूड लवेने थर उचला, लांब लवेने शेवटचा हात फिरवा. टॉवेल फिक्या रंगाचा असावा, त्यावर काय उतरतंय ते दिसतं. गडद टॉवेलावर वाळूचा कणही दिसत नाही.

कोटिंग: इथे टॉवेलच काम बिघडवतो

सिरॅमिक कोटिंग लावताना दोष बहुधा बाटलीला दिला जातो. लावल्यावर त्यातला द्रव उडू लागतो, पृष्ठभागावर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी रंग खेळतात किंवा बारीक बारीक थेंब जमू लागतात. किती वेळाने पुसायचं ते उत्पादनावर आणि हवेतल्या उष्णतेवर अवलंबून, कधी अर्धं मिनिट, कधी तीन. त्या क्षणी हातात प्लश टॉवेल असेल तर लांब लव ओलं कोटिंग आत शोषते आणि पुढच्या फेरीत तेच परत रंगावर ओढते. दिव्याच्या उजेडात तेव्हा काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी उभी केली की दारावर ओल्या हातासारखा गडद ठसा दिसतो. त्यालाच हाय स्पॉट म्हणतात. घट्ट झाल्यावर तो पुसून जात नाही, तिथलं कोटिंग पॉलिशने उतरवून पुन्हा लावावं लागतं.

म्हणून ३०० ते ३५० जीएसएमचे आखूड लवेचे, बिनकाठाचे दोन टॉवेल. पहिल्याने अगदी हलक्या हाताने जास्तीचा थर सपाट करायचा, चमक आणायची घाई करायची नाही. दुसऱ्या कोरड्या टॉवेलाने लगेच शेवटचा हात. दोन-तीन पॅनेल झाली की पहिला बाद, दुसरा पहिल्याच्या जागी, आणि नवा दुसरा. बाद टॉवेल बोटांत चोळून बघा: ज्या जागी कोटिंग जास्त प्यायलंय तिथे तो थोड्या वेळात पापडासारखा ताठ होतो. असा टॉवेल कितीही धुतला तरी मऊ होत नाही. काम संपताक्षणी तो साबणाच्या पाण्यात बुडवला तर चाकांसाठी वाचतो, घरी नेऊन धुऊ म्हटलं तर नाही. सोपं सांगायचं तर कोटिंगचे टॉवेल टाकून द्यायचेच समजून घ्यावेत, आणि म्हणूनच महाग घेऊ नयेत.

कोटिंगसोबत मिळणारी छोटी स्वेडची फडकी लावण्यापुरती असतात, पुसण्यासाठी नाहीत. एक फडकं दोन-तीन पॅनेलना. पुढे तेही कडक होतं, आणि कडक स्वेड लुसलुशीत दिसतं म्हणून जास्त धोक्याचं.

काच आणि आतला भाग

काचेला लव नकोच. सपाट, बारीक खरखरीत विणीचं ग्लास क्लॉथ किंवा पातळ वॅफल घ्या. प्लशने काच पुसली की ओलावा टॉवेलात जातो आणि पुन्हा काचेवर येतो, त्यातून पट्टे उठतात. एक फडकं ओलसर, दुसरं कोरडं. दाराची काच चार बोटं खाली करून आधी तिची वरची कड पुसा, रबरात लपलेली मळाची रेघ तिथेच असते. बाहेरून आडवे आणि आतून उभे हात मारले तर राहिलेला पट्टा कुठल्या बाजूचा आहे ते लगेच कळतं. काचेची फडकी वॅक्सच्या टॉवेलांबरोबर एकदा जरी धुतली तरी मेणाचा अंश त्यांच्यात उतरतो. मग काच धुरकट राहते आणि ग्लास क्लीनर बदलूनही फरक पडत नाही.

आतल्या भागाला २५० ते ३०० जीएसएम, आखूड लव, काठ कसलाही. फवारा बटणांवर मारायचा नाही, टॉवेलावर मारायचा. आखूड लवेला अपवाद दोन: चकचकीत काळं प्लास्टिक आणि स्क्रीन. रंगाला चालणारा टॉवेलही त्यांच्यावर रेघा काढू शकतो. तिथे धुतलेला, किंचित दमट, लांब लवेचा टॉवेल आणि जवळजवळ शून्य दाब. कोरडं पुसणं टाळाच.

बिनखळखळीच्या धुण्यासाठी

रिन्सलेस वॉशला, म्हणजे नंतर पाण्याने न खळखळता गाडी धुण्याला, लांब लवेचे, ४०० ते ५०० जीएसएमचे सहा ते दहा टॉवेल मिश्रणात भिजत घालायचे. एक काढून हलका पिळायचा, चार पदरी घडी, आठ तोंडं. प्रत्येक तोंड एकदाच, सरळ रेषेत, आणि मळलेला टॉवेल पुन्हा बादलीत जाणार नाही. हा शेवटचा नियम मोडला की बादलीतलं स्वच्छ पाणी गढूळ होतं आणि पुढचे सगळे टॉवेल ओरखडे काढायला तयार. एकच स्पंज वापरून हे काम करणाऱ्यांचं धाडस मोठं म्हणायचं.

सीडीची परीक्षा आणि इतर खटपटी

टॉवेल सीडीच्या चकचकीत बाजूवर घासून रेघा पडतात का पाहणं ही जुनी परीक्षा. तिचा अर्थ नीट लावायला हवा. सीडीचं पॉलिकार्बोनेट क्लिअर कोटपेक्षा मऊ असतं. सीडी शाबूत राहिली तर टॉवेल निर्धोक आहे असं म्हणता येईल, पण रेघ पडली म्हणून तो गाडीलाही ओरबाडेल हे सिद्ध होत नाही. काठ आणि मधला भाग वेगवेगळे घासून बघितले तर परीक्षा कामाची ठरते: मध्यभाग ठीक आणि काठाने रेघ काढली, तर दोष कुठे आहे ते समजलं.

रंग सोडणारा टॉवेल ओळखायला पांढऱ्या भांड्यात गरम पाणी, थेंबभर साबण, पंधरा मिनिटं. गडद लाल आणि काळे टॉवेल इथे जास्त सापडतात. पॅनेल पुसायचं द्रावण अल्कोहोलचं असेल तर त्याचा एक थेंबही टॉवेलावर टाकून पांढऱ्या कागदाने टिपून बघा. पाण्यात न सुटलेला रंग कधी कधी अल्कोहोलमध्ये सुटतो.

धुणं चुकलं की खरेदी वाया

नवे टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवा, बिनकाठाचे दोनदा. पाणी ४० अंश, फार मळले असतील तर ६० पर्यंत. साबण पातळ, नेहमीच्या निम्मा; पावडरचे न विरघळलेले कण लवेत अडकून बसतात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. त्याचा तेलकट लेप तंतूंच्या फटी बुजवतो, आणि मग टॉवेल हाताला छान लागतो पण पाणी पुढे ढकलतो. चुकून पडलाच असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात दोन-तीन धुणी काढावी लागतात. ब्लीचही नको.

सुती कपड्यांबरोबर धुतले तर सुताची सगळी फुसफुस मायक्रोफायबर गोळा करतो. त्याचं कामच ते आहे. यंत्राचा ड्रम दोन तृतीयांशच्या वर भरू नका, नाहीतर कण सुटून बाहेर जायला जागा राहत नाही. एक जादा खळखळ घ्या. वॅक्स-पॉलिशचे टॉवेल आधी अर्धा तास कोमट पाण्यात, एकास दहा प्रमाणात ऑल-पर्पज क्लीनर घालून भिजवा.

वाळवणं सावलीत, दोरीवर, झटकून. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी उष्णता. पॉलिस्टर वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास जावं लागतं हे खरं, पण तो सत्तर-ऐंशी अंशांपासूनच मऊ पडू लागतो. लवेची टोकं तेव्हा वाकतात आणि थंड झाल्यावर तशीच राहतात. हाताला खसखशीत लागणारा जुना टॉवेल बहुतेक वेळा असाच झालेला असतो. इस्त्रीचं नावही काढू नका. वाळलेले टॉवेल झाकणाच्या डब्यात, प्रकाराप्रमाणे वेगळे ठेवा. उघड्या फळीवर ठेवलेला धुतलेला टॉवेल आठवड्यात पुन्हा धुळीचा होतो.

एका गाडीपुरता संच करायचा तर पाणी टिपायचा ट्विस्ट लूप एक आणि त्याच विणीचे लहान दोन. आखूड लवेचे बिनकाठ दहा. लांब लवेचे सहा, रिन्सलेस करणार असाल तर दहा. काचेची फडकी तीन. आतल्या भागासाठी सहा. चाकांसाठी नवे काहीच घेऊ नका, वरचेच उतरत उतरत तिथे येतात. रंगावरून उतरलेला टॉवेल दारांच्या खाचांना, तिथून चाकांना, तिथून इंजिनाला, मग कचऱ्यात. उतरलेला परत वर चढत नाही, कितीही पांढरा धुतला गेला तरी. ब्रेकची लोखंडी भुकटी लवेच्या मुळाशी राहतेच. जमिनीवर पडलेल्या टॉवेलाला नियम थोडा सैल: त्या दिवसापुरता रंगावर बंद, नीट धुतल्याशिवाय परत नाही.

रंगांच्या खुणा ठेवल्या तर उत्तमच, पण सगळे टॉवेल एकाच रंगाचे आले असतील तर उतरवताना कोपऱ्यावर पक्क्या शाईने खूण करा: खाचांना एक रेघ, चाकांना दोन, इंजिनाला तीन. शाई पूर्ण वाळल्यावरच धुवा, आणि पहिल्या धुण्याला ते टॉवेल वेगळेच टाका.